कान्हेरीचे दाते आणि बोधीचे बीज

कोलशेतच्या काठाला लागून वाहणारी खाडी हा कल्याण आणि वसई यांना जोडणारा फार जुना जलमार्ग आहे. उल्हास नदी कल्याणहून निघते, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालते, कोलशेत मागे टाकते आणि घोडबंदरावरून वसईच्या समुद्राला मिळते. पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला, तुळशी तलावाच्या परिसरात, कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे आढळतात. या दोन बंदरांमधील मालाची ये-जा याच पाण्यावरून होत असे. आज त्या काठावर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांत राहणाऱ्या आमच्या कॅथलिक कुटुंबांच्या शेजारी बौद्ध कुटुंबेही राहत आहेत. या शेजाऱ्यांच्या धर्मविचारातील एक महत्त्वाचे सूत्र आपल्याच परिसरातील दगडांवर कसे उमटले आहे आणि त्या सूत्राशी आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध कोणत्या वळणांनी येत गेला, याचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

ते सूत्र असे: प्रत्येक जिवाच्या ठायी बोधीची, म्हणजे पूर्ण जागृतीची, पात्रता मूळचीच असते. ती बाहेरून आणून बसवावी लागत नाही. तिच्यावरचे आवरण दूर करावे लागते. बौद्ध ग्रंथांत याला ‘तथागतगर्भ’ असे नाव आहे. हा विचार एका दिवसात जन्मला नाही. त्याची वाढ कशी झाली हे समजून घेण्यासाठी ग्रंथालयाआधी कान्हेरीला जाणे उपयोगाचे ठरते.

कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास तेथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे भिक्षूंची वस्ती तेथे टिकून राहिली. या डोंगराचे संस्कृत नाव कृष्णगिरी. त्यावरूनच कान्हेरी हे नाव आले. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे तेथील मोठे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, व्यापारी बंधूंनी ते खोदविले. पण कान्हेरी केवळ धनिकांची नाही. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याणचे अनेक दाते भेटतात. कोणी व्यापारी आहे, कोणी सोनार आहे, कोणी लोहार आहे. कोणी सोपाऱ्याचा, कोणी चौलचा, कोणी नाशिकचा आहे. स्त्रिया आहेत, भिक्षुणी आहेत. कोणी राहण्याची खोली दिली, कोणी पाण्याची पोढी खोदून दिली, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालणारी कायमची ठेव, लावून दिली. पावसाचे पाणी पन्हळींतून गोळा करून पोढ्यांमध्ये साठविण्याची तेथील योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

या दानांच्या मोबदल्यात दाते काय मागतात? ही मागणी मोठी बोलकी आहे. दुसऱ्या शतकाच्या लेखांत आईवडिलांना पुण्य लाभावे अशी इच्छा येते आणि तिच्या जोडीने एक शब्दसमूह पुनःपुन्हा येतो. त्याचा अर्थ ‘सर्व सत्त्वांच्या हितासाठी आणि सुखासाठी’ असा होतो. सत्त्व म्हणजे जीव, प्राणी. कल्याणच्या बाजारपेठेतला माणूस आपल्या मिळकतीतून एक पोढी खोदून देतो आणि तिचे पुण्य आपल्या घरापुरते न ठेवता साऱ्या जिवांच्या नावे करतो. ही दानत साधी नव्हे. तथापि येथे मागितले आहे ते हित आणि सुख. सर्वांना बोधी मिळो, अशी मागणी येथे अजून झालेली नाही.

याचे कारण त्या काळच्या शिकवणीत आहे. आरंभीच्या बौद्ध परंपरेत बुद्ध होणे ही अतिदुर्मिळ घटना मानली जात असे. एका युगात एकच बुद्ध अवतरतो आणि धर्माचे चक्र फिरवितो. त्याचे शिष्य अर्हत होतात, म्हणजे तृष्णेपासून मुक्त होतात. परंतु बुद्ध होत नाहीत. ‘बोधिसत्त्व’ हे नाव मुख्यत्वे बोधी मिळण्यापूर्वीच्या गौतमाचे होते. असे असले तरी माणसाच्या पात्रतेविषयी ही परंपरा कृपण नव्हती. शेकडो माणसांचे प्राण घेणारा अंगुलिमाल भिक्षू होतो आणि अर्हतपदाला पोहोचतो. रस्ते झाडणारा सुनीत भिक्षुसंघात घेतला जातो आणि मान्यवर थेर ठरतो. जन्म आणि पूर्वीचे आचरण हे अखेरचे कुंपण नव्हे, हा निर्वाळा तेव्हाही दिलेला होता.

आपल्या सोपाऱ्याची कथा या दृष्टीने मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत कथासंग्रहात शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची हकिगत येते. एक धनाढ्य गृहस्थ आजारी पडला असता त्याची पत्नी आणि मुले त्याला सोडून गेली. घरातील एका दासीने औषधपाणी करून त्याला जगविले. त्या दासीच्या पोटी झालेला मुलगा म्हणजे पूर्ण. सावत्र भावांनी वाटणी करताना त्याला तुच्छ लेखले, पण आपल्या हुशारीने तो मोठा सागरी व्यापारी झाला आणि पुढे सारे टाकून बुद्धाचा शिष्य झाला. पश्चिमेकडील एका उग्र स्वभावाच्या लोकांत जाऊन राहण्याची परवानगी त्याने मागितली. तेव्हा बुद्धाने त्याला पायरीपायरीने विचारले की ते शिव्या देतील तर काय, मारतील तर काय, प्राण घेतील तर काय. प्रत्येक पायरीवर पूर्ण त्या लोकांतला चांगुलपणाच शोधून दाखवितो. हाच संवाद पाली मज्झिमनिकायातही आहे. आम्हा कॅथलिकांना सोपारा आठवतो तो ठाण्याच्या चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांमुळे. १३२१ साली ठाण्यात त्यांचा वध झाल्यावर जॉर्डन या डोमिनिकन धर्मगुरूंनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. ज्या गावाने दासीपुत्राच्या थोरवीची कथा जपली, त्याच गावाच्या मातीने आमच्या हुतात्म्यांनाही जागा दिली.

पूर्ण ज्या उग्र माणसांकडे निघाला, त्यांच्यात चांगुलपणा पाहण्याचे धैर्य त्याला कोठून आले? पाली अंगुत्तरनिकायातील एका छोट्या सूत्रात याचे उत्तर सापडते. चित्त मुळात प्रभास्वर, म्हणजे लखलखीत आहे. त्याला मलिन करणारे क्लेश हे आगंतुक आहेत, असे तेथे प्रतिपादन आहे. ‘आगंतुक’ हा शब्द मराठीत आपण रोज वापरतो. न बोलावता घरात शिरलेला पाहुणा तो आगंतुक. तो कितीही दिवस ठाण मांडून बसला तरी घराचा मालक होत नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांना हा एकच शब्द लावून त्या सूत्राने पुढच्या सर्व विचाराचा पाया घातला.

त्या पायावरची इमारत महायान पंथाने उभारली. बोधिसत्त्वाचा मार्ग एकट्या गौतमापुरता नाही, जो कोणी सर्व जिवांच्या उद्धाराचा संकल्प करील त्या प्रत्येकाला तो खुला आहे, असे महायानाचे सांगणे होते. पण मग प्रश्न आला: सामान्य, दुबळ्या, वासनांनी भरलेल्या माणसाने बुद्ध होण्याची आशा तरी कशाच्या बळावर धरावी? या प्रश्नाला इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास ‘तथागतगर्भसूत्र’ या छोट्या ग्रंथाने उत्तर दिले. बुद्धभद्र या भिक्षूने ४२० च्या सुमारास त्याचे चिनी भाषांतर केले. तथागत हे बुद्धाचे नाव. गर्भ म्हणजे आत वाढणारा अंकुर, तसेच आतला गाभा. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. गर्भ, गाभा आणि गाभारा हे एकाच कुळातले शब्द आहेत. कान्हेरीच्या चैत्यगृहात जो स्तूप आहे त्याचेही एक जुने नाव ‘धातुगर्भ’ असे आहे. धातू म्हणजे पूज्य अवशेष आणि ते ज्याच्या पोटात आहेत तो धातुगर्भ. सूत्राने हीच कल्पना दगडावरून माणसावर आणली: बुद्धाचा अंश ज्याच्या पोटात आहे असा स्तूप म्हणजे प्रत्येक जीव.

हे पटवून देण्यासाठी त्या सूत्रात नऊ दाखले दिले आहेत आणि ते सारे घरगुती आहेत. मधमाश्यांनी वेढलेला मध, टरफलातला दाणा, उकिरड्यात पडलेले सोने, गरिबाच्या घराच्या जमिनीखाली पुरलेली ठेव, फळाच्या बीत दडलेले झाड, चिंध्यांत गुंडाळलेली मूर्ती. शेवटचे दोन दाखले आम्हाला विशेष हृद्य वाटतात. एका निराधार, कुरूप, धर्मशाळेच्या आश्रयाला राहणाऱ्या स्त्रीच्या उदरात चक्रवर्ती राजा वाढत आहे आणि तिला स्वतःला त्याची कल्पना नाही. ती आपणास टाकाऊ समजते. सोन्याची मूर्ती साच्यात ओतली आहे. बाहेरची माती काळीठिक्कर दिसते, पण कारागीर ती फोडतो तेव्हा आतले सोने झळकते. कल्याणच्या सोनाराला हा दाखला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती. आणि सोपाऱ्याच्या पूर्णाच्या आईला पहिला.

पुढे ‘श्रीमालादेवीसिंहनादसूत्र’ रचले गेले. त्यात हाच सिद्धांत राणी श्रीमाला सांगते आणि बुद्ध तिला अनुमोदन देतात; एका गृहस्थ स्त्रीच्या मुखी गहन धर्म यावा ही गोष्ट सिद्धांताला साजेशीच आहे. त्यानंतर ‘रत्नगोत्रविभाग’ या ग्रंथाने साऱ्या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. शतकानुशतके हा ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांतूनच ज्ञात होता. राहुल सांकृत्यायन यांनी १९३०च्या दशकात तिबेटमधील मठांतून शोधून काढलेल्या हस्तलिखितांमुळे मूळ संस्कृत पाठ हाती आला आणि १९५० साली तो छापून प्रसिद्ध झाला. म्हणजे मूळ संस्कृत शब्द भारतीय अभ्यासकांपर्यंत परत येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

आता पुन्हा लेण्यांकडे वळू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्यात दान देणाऱ्या शाक्यभिक्षूंनी भिंतींवर आणि मूर्तींखाली एक ठरावीक वाक्यरचना वापरली. दानाचे जे पुण्य असेल ते आईवडील प्रमुख धरून सर्व सत्त्वांना ‘अनुत्तर ज्ञान’, म्हणजे ज्याच्या वर काही नाही असे ज्ञान, मिळण्याच्या कामी येवो, अशी ती इच्छा आहे. अनुत्तर ज्ञान म्हणजे बुद्धाचेच ज्ञान. कान्हेरीच्या उत्तरकालीन लेखांतही या वळणाची इच्छा उमटते. याच काळात तेथील चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे तेवीस फूट उंचीचे दोन उभे बुद्ध कोरले गेले. संकटात सापडलेल्यांना तारणाऱ्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे शिल्प नव्वदाव्या लेण्यात, तर अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर एकेचाळिसाव्या लेण्यात कोरला गेला. दुसऱ्या शतकाचा दाता सर्वांसाठी हित आणि सुख मागत होता. पाचव्या शतकाचा दाता सर्वांसाठी बुद्धाचे ज्ञान मागतो. सर्वांना एखादी गोष्ट मिळावी असे मनापासून मागायचे तर ती सर्वांच्या आवाक्यात आहे असे आधी मानावे लागते. सुमारे तीनशे वर्षांत माणसाविषयीची अपेक्षा किती उंचावली, याची ही दगडी नोंद आहे.

या उदार विचाराला बौद्धांतूनच हरकती आल्या, आणि त्या जाणून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. पहिली हरकत तत्त्वाची होती. बुद्धाने आत्मा नाकारला. मग आत दडलेला हा गर्भ म्हणजे आत्माच मागच्या दाराने आत आला की काय? ‘लंकावतारसूत्रा’त महामती हा बोधिसत्त्व हीच शंका बुद्धांना विचारतो. उत्तर असे की अनात्म म्हटले की भिणारी माणसे धर्मापासून दूर जाऊ नयेत म्हणून ही भाषा योजली आहे. कुंभार एकाच मातीचे नाना घाट घडवितो तशी ती एकाच सत्याची वेगळी घडण आहे. दुसरी हरकत माणसांविषयीची होती. ज्यांनी पुण्याची मुळेच उपटून टाकली अशांना ‘इच्छंतिक’ म्हणत. त्यांना तरी ही पात्रता कशी असेल? ‘महापरिनिर्वाणसूत्रा’चा जो पहिला चिनी अनुवाद ४१८ च्या सुमारास झाला, त्यात त्यांना वगळलेले दिसत होते. दाओशेंग नावाच्या विद्वान भिक्षूने मात्र ठामपणे सांगितले की इच्छंतिकही बुद्ध होऊ शकतो. धर्मग्रंथाविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला राजधानी सोडावी लागली. पुढे धर्मक्षेम याने केलेला मोठा अनुवाद तेथे पोहोचला, तेव्हा त्यात दाओशेंगचेच म्हणणे लिहिलेले आढळले आणि त्याचा मान त्याला परत मिळाला. ‘सर्व’ या शब्दातून कोणालाही वगळायचे नाही, या आग्रहापायी एका माणसाने हद्दपारी सोसली.

तिसरी हरकत आपल्या काळातील आहे आणि ती सर्वांत बोचणारी आहे. जपानमधील सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म आणि शांती परिषदेत, जपानमध्ये बुराकुमिन समाजाशी भेदभाव होतच नाही, असे विधान केले. बुराकुमिन म्हणजे कातडे कमावणे आणि जनावरे कापणे अशा कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानला गेलेला समाज. वस्तुस्थिती अशी होती की मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धार्मिक नावांतसुद्धा मंदिरांनी या समाजाला अपमानास्पद अक्षरे दिली होती. पंथाला ते विधान मागे घेऊन क्षमा मागावी लागली. त्यानंतर त्याच पंथाच्या कोमाझावा विद्यापीठातील हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो या दोन अभ्यासकांनी प्रश्न केला: सर्वजण मुळातच बुद्ध आहेत असे एकदा म्हटले की समाजातील विषमता जशीच्या तशी ठेवायला सोय होत नाही काय? आतमध्ये सारे समान आहेत, मग बाहेर बदलायचे ते काय? त्यांनी तर तथागतगर्भाचा विचार बौद्धच नाही, असे म्हणण्यापर्यंत मजल मारली. त्यांचा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही, पण त्यांचा प्रश्न कोणत्याही धर्माला चुकविता येणारा नाही. जमिनीखाली ठेव आहे असे गरिबाला सांगायचे आणि कुदळ मात्र द्यायची नाही, हे दानही नव्हे आणि धर्मही नव्हे.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे येऊ. १५३४ साली वसई आणि साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला. तोवर कान्हेरीतील भिक्षुसंघ लोपून कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांच्या काळात कान्हेरीतील चैत्यगृहाचे संत मायकलच्या नावे ख्रिस्तमंदिर झाले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो (१५४२–१६१६) कान्हेरी पाहण्यास गेला, तेव्हा तेथील एका वृद्धाला त्याने विचारले की हे काम कोणाचे? वृद्धाने उत्तर दिले की संत जोसाफात यांच्या वडिलांनी मुलाला जगापासून अलग ठेवून वाढविण्यासाठी ही लेणी खोदली. कौतोने आपल्या ग्रंथात ही हकिगत नोंदविली आणि पुढे लिहिले की ज्या ‘बुदाओ’विषयी हे लोक अद्भुत कथा सांगतात, तोच हा जोसाफात असणे शक्य आहे.

हे संत जोसाफात कोण? मध्ययुगीन युरोपात बारलाम आणि जोसाफात यांची कथा घरोघर ठाऊक होती. भारतातील एका राजाला भाकीत कळते की आपला मुलगा राज्य सोडून ख्रिस्ती संन्यासी होईल. राजा त्याला दुःखाचे दर्शन होऊ नये म्हणून महालात कोंडून वाढवितो. तरीही राजपुत्राला आजारी आणि म्हातारा माणूस दिसतोच. मग बारलाम नावाचा तपस्वी येऊन त्याला श्रद्धेचा मार्ग दाखवितो. ही सिद्धार्थ गौतमाचीच कथा होय. मध्य आशियातून, अरबी आणि जॉर्जियन भाषांतून फिरत ती अकराव्या शतकात ग्रीक आणि लॅटिनमध्ये पोहोचली. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे प्रवासात ‘बुदासफ’ झाले, अरबी लिपीतील एका टिंबाच्या फरकाने ‘युदासफ’ झाले आणि अखेर ‘जोसाफात’ झाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या रोमन हुतात्मावलीत २७ नोव्हेंबर या दिवशी या दोघांची नावे घातली गेली. १८५९ आणि १८६० साली युरोपीय विद्वानांनी मूळ ओळख पटवून दिली. कौतोला ती अडीचशे वर्षे आधी कान्हेरीच्या उंबरठ्यावर सुचली होती.

या प्रसंगाकडे पाहून काही जण हसतात, काही अवघडतात. आम्हाला त्यात एक गंभीर अर्थ दिसतो. मूळ नाव ठाऊक नसताना ख्रिस्ती भाविकांनी त्या जीवनकथेत पवित्रता ओळखली. कथा कोणत्या देशाची हे न विचारता त्यांनी तिच्यातला सत्याचा शोध पाहिला. ख्रिस्तसभेच्या विचारात याला आधार नव्हता असे नाही. कान्हेरीत चैत्यगृह खोदले गेले त्याच दुसऱ्या शतकात रोममध्ये संत जस्टिन लिहीत होते की दिव्य शब्दाची बीजे सर्व मानवजातीत पेरलेली आहेत. सुमारे इ.स. २०० मध्ये अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट यांनी आपल्या ग्रंथात भारतातील ‘बुत्ता’च्या अनुयायांचा नावानिशी उल्लेख केला. दुसऱ्या व्हॅटिकन महापरिषदेने मिशनकार्यावरील आदेशपत्रात जस्टिन यांची बीजांची भाषा पुन्हा उचलली, आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ‘नॉस्त्रा एताते’ या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख करून, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले.

तरीही दोन्ही शिकवणी एकच आहेत असे म्हणून मोकळे होणे हा दोन्हींचा अनादर होईल. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. आमच्या श्रद्धेने ते प्रतिरूप ही देणगी आहे. देणारा आहे म्हणून देणगी आहे. पापाने ते मलिन झाले, आणि ते उजळण्यासाठी मनुष्याचे प्रयत्न पुरे पडत नाहीत. प्रभू येशूच्या क्रुसावरील बलिदानातून आणि स्नानसंस्कारातून मिळणारी कृपा लागते. बौद्ध विचारात सृष्टिकर्ता नाही. तेथे गर्भ कोणी दिलेला नाही आणि आवरण ज्याचे त्याने साधनेने दूर करावयाचे आहे. शेतात दडलेल्या ठेवीचा दाखला प्रभूनेही दिला, परंतु तेथे ती ठेव म्हणजे देवाचे राज्य. ती विकत घेण्यासाठी माणूस आपले सर्वस्व विकतो. हा फरक मोठा आहे. जेथे दोन्ही परंपरा एकमेकींच्या जवळ येतात ती जागा वेगळी आहे: समोरच्या माणसाच्या मळकट रूपावरून त्याची अखेरची किंमत ठरवू नये, हा दोन्हींचा आदेश आहे.

महाराष्ट्रात या आदेशाची कसोटी आधुनिक काळात लागली. गोव्यातील सांकवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी पाली ग्रंथ अभ्यासून विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी वाचकांना बुद्धाची नव्याने ओळख करून दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात आत्म्याला स्थान नाही, आणि पूर्वजन्मीच्या कर्माने आजच्या दारिद्र्याचे समर्थन करण्याला तर मुळीच नाही. सोतो पंथात पुढे जो प्रश्न उठला, त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या कृतीत आधीच होते: माणसाच्या ठायी पात्रता आहे असे म्हणणाऱ्याने ती पात्रता फुलेल अशी शाळा, पाणी, जमीन आणि मान त्याला मिळवून दिला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली; देशातील दर चार बौद्धांपैकी तीन या राज्यात होते. कल्याण, उल्हासनगर, ठाणे येथील आपल्या शेजाऱ्यांचा इतिहास हा असा आहे.

आणि आपल्या अंगणाचे काय? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद पाळला जातो आणि ते सामाजिक पाप आहे, हे बिशपांनी स्वतः लिहून दिले. देवाच्या प्रतिरूपाची शिकवण वेदीवरून देणाऱ्या समाजालाही हे लिहावे लागले, यातच सारे आले. लग्न जुळविताना होणारी चौकशी, नव्याने आलेल्या कुटुंबाविषयीची कुजबूज, धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाबद्दल ‘याच्यात काही नाही’ असा सहज दिलेला निकाल, या गोष्टी लहान दिसतात. परंतु ‘याच्यात काही नाही’ हे वाक्य बौद्ध दृष्टीने खोटे आहे आणि ख्रिस्ती दृष्टीने तर देवाच्या हस्ताक्षराचा अवमान आहे. ज्याने ते उच्चारले त्याने माती पाहिली. साचा फोडण्याचे श्रम घेतले नाहीत.

आपल्या धर्मग्रामांतून तरुणांच्या आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या सहली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातात, कान्हेरीलाही जातात. अशा वेळी मुलांना तिसऱ्या लेण्यात थोडा वेळ थांबवावे अशी आमची सूचना आहे. ज्या सभागृहात एके काळी मिस्साबलिदान झाले तेथे त्याआधी कित्येक शतके भिक्षू स्तूपाला प्रदक्षिणा घालीत होते, हे त्यांना सांगावे. कल्याणच्या सोनाराची आणि लोहाराची गोष्ट सांगावी, सोपाऱ्याच्या दासीपुत्राची गोष्ट सांगावी, आणि शक्य तर वर्गातील बौद्ध मित्रांनाही बरोबर न्यावे. त्यांच्या पूर्वसूरींनी त्या दगडावर सर्व जिवांसाठी मागणी केली होती. त्या ‘सर्व’मध्ये पुढे त्या डोंगरावर येणारे आपले पूर्वजही होते आणि आज तेथे जाणारी आपली मुलेही आहेत, एवढे त्यांच्या ध्यानी आले तरी सहलीचा दिवस सार्थकी लागला असे आम्ही समजू.